खुराड्याचं दार

इन्व्हरकीदिंगला पोचले तेव्हा ओहोटी लागलेली.
एफी गिलफिलन गमबुटांत उभी, हातात दाण्याचं टमरेल.
म्हणाली, दार बघायला आलीस ना? थांब,
आधी अंडी काढून घेते.

दार पोलादी, माझ्या खांद्याएवढं, कोपरे गोल.
पाण्याला अडवायला केलेलं,
पंचाहत्तर वर्षं कोल्ह्याला अडवतंय.
तिच्या बापाने जहाजतोडीच्या यार्डातून आणलं, हातगाडीवर.
विकत की तसंच, ते ती सांगत नाही.
सहा दिवस तो गॅसच्या ज्योतीने क्रूझर कापायचा
आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये खोकायचा.

मी वही काढली, कॅलिपर, लोहचुंबक.
रिव्हेटांमधलं अंतर साडेतीन इंच. जुळलं.
नखाएवढी खिडकी खरवडली:
वर हिरवा, तो एफीच्या नवऱ्याचा, कुंपण रंगवून उरलेला.
मग करडा, करडा, फिका करडा,
एक पांढरा, उष्ण समुद्रातला,
आणि तळाशी शेंदूर.
तोच, शिशाचा.
आमच्या वेशीवर दगडाला फासला की देव होतो,
इथे फक्त गंज लांब राहतो.

पण ‘थॉर्नबी’च्या नकाशात बिजागरी डावीकडे.
इथे उजवीकडे.
म्हणजे दुसऱ्या कुशीचं दार,
किंवा तिच्या बहिणीचं, ‘स्केल्टन’चं,
जी याच धक्क्यावर त्याच हिवाळ्यात तुटली.
ठोकलेल्या आकड्यातले सदतीस तेवढे वाचता येतात,
पुढचं कोंबड्यांनी झिजवलं.

दार आता कोरड्या खोलीत, बिजागरी टाकीत.
लोखंड खाल्ल्या मिठाला जागतं.
पुसून, वाळवून ठेवा, तरी रात्रीतून अंगावर
पिवळट थेंब धरतं, पापुद्र्यांनी सुटत जातं.
म्हणून पाणी बदलायचं, मीठ मोजायचं,
पुन्हा बदलायचं. अकरावा महिना चालू आहे.
समुद्र विसरायला लावते मी तिला
आणि वहीत लिहिते: जतन.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘थॉर्नबी, बहुधा’.
साहेबांनी बहुधा खोडलं. लोकांना नाव लागतं, म्हणाले.
मी नवी चिठ्ठी केली, बहुधा जरा मोठ्या अक्षरात.

काल एफीचा फोन.
प्लायवूडचं नवं दार बसवलं, छान आहे, हलकं आहे,
पण कोंबड्या अंधार पडला तरी बाहेरच.
बंद झाल्याचा आवाजच येत नाही गं, म्हणाली,
त्यांनाही, मलाही.