पाणपोई, मेडिकल चौक

आई गेली त्या एप्रिलात
उपासेबुवा दहा रात्री गरुडपुराण वाचत होते
आणि कूलर खडखडत होता.
तापल्या वाळूची वाट, झाड नाही, विहीर नाही,
जीव चालतोय, दूत मागून हाकलतायत.
बाबूजी म्हणाले, "हे तं मेडिकल ते अजनी झालं."
कुणी हसलं नाही.
बुवांनी पोथी मिटताना सांगितलं,
ज्यानं इथं पाजलं त्यालाच तिथं मिळतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली
तीन रांजण, ओलं लाल फडकं, वाळ्याची जुडी,
आणि साखळीला बांधलेला स्टीलचा पेला.
साखळी नंतर आली खरं तर.
पहिले दोन पेले चोरीला गेले.
स्वर्गाच्या वाटेवरचं भांडं जो पळवतो
त्याला कुठला नरक, मी विचारलं.
बाबूजी साखळी आणायला गेले.

मी एलआयसीत. मेल्यावर मिळणाऱ्या गोष्टींचे हप्ते
रोज माझ्या टेबलावरून जातात,
म्हणून वाटायचं, मला कळतं हे:
शेहेचाळीस डिग्रीत एक म्हातारा
बादलीनं प्रीमियम भरतोय.
एकदा तसं बोलूनही गेले.
ते वहीत काही लिहीत होते. लिहीत राहिले.

गजभिये काका सायकलवर बर्फ आणत,
पोत्यात गुंडाळलेली लादी, पोचेपर्यंत अर्धी.
त्यांच्या घरात आत्मा नाही, स्वर्ग नाही,
वडिलांनीच छप्पन साली सोडलेला.
"मंग तुले काय भेटते रे यातून?"
"तू तिकून धर," काका म्हणायचे, "वितळून राह्यली."

लोक यायचे गडचिरोलीचे, बालाघाटचे,
एक्स-रेचं पाकीट उन्हाला आडवं धरून.
प्यायचे, तोंडावर मारायचे, वर बघायचे नाहीत.
एक बाई चार पेले प्याली आणि तिथंच बसून रडली,
आत तिच्या माणसाला पाणी द्यायची मनाई होती.

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी बाबूजी गेले.
वहीत तारखा, रांजण, बर्फाचे पैसे.
पुण्य कुठंच मांडलेलं नव्हतं.
फक्त दर वर्षी एकोणीस मेला
रकाना सोडून, तिरपी, एक ओळ:
तो आला नाही.

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला.
"मिलच्या गेटावर होता तवा तुया बाप.
भर दुपारी एकानं पाणी मांगतलं.
यानं जात इचारली."
पुढचं ते बोलले नाहीत.
तो कोण होता, काकांचा कोणी होता का,
माझ्या तोंडून निघालं नाही.

वाळूच्या त्या वाटेवर माझा अजूनही विश्वास नाही.
यंदा हाफ डे टाकून रांजण भरले,
काकांनी तिकून धरलं, मी इकून.
पेला पुन्हा गेला, या वेळी साखळीसकट.
एकोणिसाव्या तारखेला प्रत्येक पिणाऱ्याचं
तोंड बघत बसले:
आता तो ऐंशीचा असेल, किंवा नसेल,
किंवा सकाळीच पिऊन गेला असेल.

सहा वाजता वही उघडली.
पेनचं टोपण काढलं.
तिसऱ्या रांजणात अजून
हातभर पाणी होतं.