चवडा

पहिलं निदान चिमाजीनं केलं,
फणसवाडीच्या नाक्यावर, दोऱ्याला मेण लावता लावता.
"जयवंतशेठ, टाच कोरी आणि चवड्याचा पार कागद झालाय.
पाय उचलत नाही तुम्ही. ओढता."

जयवंत हसला.
एकोणीस वर्षं गॅसचे सिलिंडर वाहिलेला माणूस,
उजव्या खांद्यावर गोणपाटाची घडी,
ठाकुरद्वारचे जिने त्याला अंधारात पाठ,
कुठली पायरी डुगडुगते,
कुठल्या वळणावर कुणाचा पाण्याचा पिंप आडवा येतो.
पाय ओढतो म्हणे.

डॉक्टरांना दोन वर्षं लागली.
आधी कंबर, मग मणका, मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं.
शेवटी रक्ताची एक बारकी नळी कुठेशी गेली
आणि उत्तर आलं:
एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर चुकलंय.
बाबांच्याही काठीचा तेव्हाच उलगडा झाला,
त्यांना जाऊन सात वर्षं झाल्यावर.

मी परळला एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सांभाळते.
काच पुसायची, तेलाचा थेंब सोडायचा,
एसीत शाल घेऊन बसायचं.
शास्त्रज्ञ नाही मी. पण त्या अक्षराचं प्रथिन
मला चेहऱ्यानं ओळखीचं होतं.
कायनेसिन.
काळ्या पडद्यावर हिरवी रेघ
आणि रेघेवरून निघालेला एक ठिपका,
घाई नाही, पण रेंगाळणंही नाही.

रविवारी त्याला मोबाइलवर चित्रफीत दाखवली.
"हे दोन पाय. म्हणजे त्यांना डोकी म्हणतात."
"डोक्यांवर चालतो?"
"हो. मागचं पुढे, मग त्याच्या मागचं पुढे.
सेकंदाला शंभर पावलं. पाठीवर पिशवी,
त्याच्याहून कितीतरी पट मोठी."
"मजुरी?"
"पावलामागे एक एटीपी."
"रोख?"
"रोख."
"बरंय मग."

मी म्हणाले, अगदी तुझ्यासारखाच की.
तो म्हणाला, "माझ्यासारखा नको म्हणूस.
मला चौथ्या मजल्यावर आजगावकर वहिनी
पाणी द्यायच्या. गूळ पण."

मग बराच वेळ नुसता ठिपका बघत राहिला.
"आणि काम नसलं की?"
मला थाप मारता आली असती.
"घडी होऊन पडतो. शेपूट डोक्यांवर,
स्वतःच स्वतःला कुलूप."
एजन्सीत हल्ली त्याला स्टुलावर बसवलंय,
पावत्या फाडायला.

मेंदूपासून कमरेपर्यंत एकच पेशी असते, दादा.
एकच. धागा केवढा, तर हातभर.
सामान वरून निघतं, टोकाला पोचायला दोन दिवस.
एक थोडं चालून गळतो, दुसरा उचलतो,
असे लाखो, रात्रंदिवस, तू झोपलेला असतानाही.
तुझ्यातल्या निम्म्यांना रेघ नीट धरता येत नाही.
पेशी लगेच मरत नाही रे.
टोक उपाशी राहतं.

हे मी बोलले नाही.
बसमध्ये, नागपाड्याच्या सिग्नलला, मनात जुळवलं
आणि भायखळ्याला विसरले असं ठरवलं.

औषध नाही. व्यायाम आहे,
पोटऱ्या सैल करायची गोळी आहे,
जिन्याला दुसरा कठडा बसवायचा, तर चाळकमिटीचा अर्ज आहे.
आणि माझा एक फॉर्म आहे,
कपाटात, रेशनकार्डाच्या खाली.
सख्ख्या भावंडाला निम्मी शक्यता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
सही केव्हाही करा, घाई नाही.
अकरा महिने झाले.

काल जयवंतची चप्पल घेऊन गेले.
चिमाजीनं चवड्याला टायरचा तुकडा मारला,
खिळे तोंडात धरून, एकेक काढत.
पैसे घेतले. मग मान वर न करता
हात पुढे केला.
"ताई, तुमचीही बघू."

मी म्हणाले, माझी नवीच आहे,
आणि पाय साडीखाली ओढून घेतले.
ओढून,
हे घरी आल्यावर लक्षात आलं.