हातचा एक

ओबनच्या बंदरावर खिडकी नंबर दोन माझी.
सोळा वर्षं एकच प्रश्न विचारतोय:
जायचं, की जाऊन यायचं?
मल, कॉल, टायरी, बारा,
बेटांची नावं पाढ्यांसारखी पाठ,
आणि त्यातल्या एकाही बेटावर मी रात्र काढलेली नाही.

काल जेवण झाल्यावर अर्ज उघडला.
पदवीनंतरची अध्यापन पदविका, ग्लासगो, एक वर्ष,
त्यातलं अर्धं शाळांमधून.
दुसऱ्याच पानावर वाट फुटते:
प्राथमिक, की माध्यमिक?
प्राथमिक म्हणजे सगळंच. अपूर्णांक, जंगलातली सहल,
ओले मोजे, कुणाचातरी हरवलेला दात.
माध्यमिक म्हणजे एकच विषय
आणि तो नको असलेली तीस पोरं.

डूगलला फोन लावला.
त्याने हेच न्यूकॅसलला केलं होतं.
तिकडचा कागद इकडे चालावा म्हणून
आणखी कागद जोडत बसला, चार वर्षं शिकवलं,
आता लोकांच्या घरी बॉयलर बसवतो.
"पोरं वाईट नव्हती रे," म्हणाला, "रविवार वाईट होते."
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
मी मात्र विचार करत राहिलो,
त्याला लागला तो दगड होता, की उंबरठा?

मेव्हणी शोना उपमुख्याध्यापिका आहे.
आधी वर्ग, मग मार्गदर्शन, मग विभाग, मग ही खोली:
"प्रत्येक पायरीला पगार वाढला
आणि फळा एक हात लांब गेला.
तू शिडीचं नंतर बघ.
आधी वर्गात उभं राहून पाय कापतात का ते बघ."

आई एवढंच म्हणाली,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
पेन्शन हातचं. खिडकी हातची.

आणि मग ती फेब्रुवारीतली दुपार.
वारा असा, की एकही बोट सुटेना.
प्रतीक्षागृहात ओल्या कोटांचा वास, मशीनची पांचट कॉफी,
आणि माझ्या खिडकीखाली फरशीवर बसलेला एक मुलगा:
सत्तेचाळीस अधिक अडतीस, बरोबर पंच्याहत्तर.
मी काचेच्या फटीतून म्हणालो,
"हातचा विसरलास."
"हातचा कुठे जातो?"
"शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो," मी म्हणालो,
"आणि कोणीतरी मिळवेल म्हणून वाट बघतो."
त्याने एक काढला, इतका दाबून
की वही फाटली.

माझी गणिताची पदवी
ड्रॉवरमध्ये आहे, तिकिटांच्या रिकाम्या रिळांखाली.

शेवटचा एक फॉर्म नंतरचा, प्रवेश मिळाला तरचा.
मी आत्ताच वाचून ठेवला,
सुटण्याआधी हवामान बघावं तसा.
पहिलं उमेदवारीचं वर्ष कुठे करायचं:
पाच कौन्सिलांची नावं क्रमाने लिहा,
नाहीतर एका चौकोनात खूण करा: कुठेही.
कुठेही म्हणणाऱ्याला वर पैसे मिळतात.

सोळा वर्षांत माझ्या खिडकीवर
'कुठेही'चं तिकीट कुणी मागितलेलं नाही.

कर्स्टी बारा वर्षांची. एक आठवडा माझ्याकडे, एक तिच्या आईकडे.
तिला विचारलं, मी शेटलंडला गेलो तर?
ती टोस्टवरून मान वर न करता म्हणाली,
"बोट आहे ना?"
पुढे काही बोलली नाही. मग लोण्याची सुरी
धुऊन, पुसून, पुन्हा धुतली.

चौकोन रिकामा आहे.
माध्यमिक, गणित, एवढं मात्र भरलं.
आता उरला तो मोठा कप्पा: तुम्हाला का शिकवायचं आहे?
'लहानपणापासून मला' असं लिहिलं. खोडलं.
'समाजाला' असं लिहिलं. तेही खोडलं.
मग लिहिलं, एका मुलाने विचारलं होतं
हातचा कुठे जातो,
आणि मी त्याला अर्धंच उत्तर दिलं.

सकाळी सव्वासातची बोट.
पहिली बाई म्हणाली, टायरी.
मी नेहमीचा प्रश्न विचारला
आणि का कोण जाणे,
तिच्या उत्तराकडे कान देऊन थांबलो.