निशाणी

त्र्यंबककाकांनी लग्नपत्रिकेवर छापून घेतलं
घराण्याचं चिन्ह, सोनेरी शाईत:
एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी
आणि मुठींपाशी दोन ढाली.
तसा पितळी शिक्का सापडला होता
अडकित्त्याच्या डब्यात, तळाशी, हिरवा पडलेला.
तेव्हापासून आम्ही रामशेजवरचे.
काका किल्ल्याकडे बोट दाखवायचे
आणि आवाज जरा खाली आणायचे,
जसा आपण मोठ्या माणसाचं नाव घेताना आणतो.

रामकुंडावर दशक्रिया चाललेल्या,
ओली धोतरं, कावळ्यासाठी ताटकळलेली माणसं.
आम्ही मात्र पुराव्यासाठी आलो होतो.
उपाध्यांनी विचारलं, मूळ गाव?
उमराळे.
देवक?
तलवार, काका म्हणाले. छाती पुढे.

पान लागेना.
लाल खारव्यातली तिसरी वही सुटली, चौथी सुटली,
वाळवीनं खाल्लेल्या कडा मांडीवर गळत राहिल्या.
मग उपाध्ये थांबले, चष्मा वर केला,
मोडीवरून बोट फिरवत सावकाश वाचू लागले:
शके सतराशे चौऱ्याण्णव,
सखाराम बिन लक्षुमण, शिंपी, राहणार उमराळे,
बापाचे अस्थी घेऊन आले.
हस्ताक्षर येत नाही.
निशाणी कात्री.

खाली शाईत तेच.
दोन पाती, दोन कड्या.
काकांनी खिशातून शिक्का काढून पानाशेजारी धरला
आणि लगेच मुठीत घेतला.

ओळ अजून संपली नव्हती.
भार्या ठकू, निशाणी बांगडी.
नुसतं एक वर्तुळ, बोरूची टोकं न जुळलेलं.
तिच्या बापाचं नाव नाही, गाव नाही.
मी विचारलं. उपाध्ये म्हणाले,
बायकांचं ते माहेरच्या वहीत असतं, असलं तर.

पुढची जागा आमची होती.
काकांनी सही केली, वळणदार, इंग्रजीत.
मी नाव लिहिलं, आईचंही लिहिलं,
तिच्या माहेरचं आडनाव, गाव, सगळं,
शाई संपत आलेल्या बॉलपेननं, दाबून.
उपाध्ये काही बोलले नाहीत.
दक्षिणा घेतली, खारवा बांधला.

दुतोंड्या मारुतीपर्यंत काका गप्प.
मग म्हणाले, पत्रिका तर वाटून झाल्या.
त्यांच्या बाहीतून एक धागा लोंबत होता.
चालता चालता त्यांनी तो बोटाला गुंडाळला
आणि शिवणीपाशी अंगठा दाबून
टचकन तोडला.
टाका उसवला नाही.