सत्तेचाळीस कण

शाळेच्या कागदावर एक सरळ रस्ता छापलाय,
कडेला पाच चौकटी: शिक्षण, पहिली नोकरी, बढती, यश.
पाचवीचं नाव छापायचं राहून गेलंय.
"ह्यात तुमचा प्रवास भरायचा," नीन्के म्हणते.
वय पंधरा, दातांना तारा, पेन्सिल टोकदार.

बस. मला कॉफी, तुला दूध.
बिस्किट एकेकच, हा फ्रीसलंड आहे.

हार्लिंगनच्या कालव्यावर माझा बाप भाकऱ्या काढायचा.
आपला चिखलाचा देश, चपटा दगड कुठला मिळायला;
फुटक्या कौलांच्या खापऱ्या फेकायचा पाण्यावर.
सहा, सात, एकदा अकरा.
"सरळ मारलीस तर बुडते," म्हणायचा,
"निजवून मार. पाण्याला कळूच देऊ नकोस."
पहिल्या चौकटीत हे लिही.
लायडन, पदवी वगैरे खाली बारीक अक्षरात.

कारण क्ष-किरण आरशावर सरळ आला तर आरशातच मुरतो.
निजून आला तरच घसरतो, वळतो, हाती लागतो.
म्हणून आमचे आरसे ताटासारखे नसतात.
नळकांडी असतात, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी,
आतून सोन्याचा हात, आणि मधे नुसती पोकळी.

आई खिडकीतून बघायची. आठवडाभर तोच राखी ढग.
"ह्या आभाळाखाली तू तारे बघणार?"
ढगांचा प्रश्नच नव्हता, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.
निरभ्र रात्रीसुद्धा हा उजेड इथवर येत नाही, नीन्के.
हवा गिळते त्याला, वर, खूप वर,
आणि गिळते म्हणून तू नि मी बिस्किट खातोय.
बघायचंच असेल तर डोळा वर पाठवायचा
आणि आपण खाली थांबायचं.

थांबणं ह्या रस्त्यावर कुठे लिहायचं?

माझा प्रबंध सत्तेचाळीस कणांवर उभा आहे.
अकरा दिवसांत सत्तेचाळीस,
पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेले.
प्रत्येकाची वेळ मला पाठ होती,
जशी लोकांना भाच्यांचे वाढदिवस असतात.
पुढे एका इटालियन मुलाने दाखवून दिलं,
त्यातले तीन आकाशातले नव्हतेच. यंत्राचा खोकला.

दोन वर्षं उट्रेख्ट. दोन लेस्टर. अडीच हंट्सव्हिल.
मग गार्खिंग, म्युनिकच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन.
विंचवाचं बिऱ्हाड: एक सायकल, एक इस्त्री, चोवीस खोकी.
तिसऱ्या खेपेला येल्मर म्हणाला, "मी इथेच बरा."
भांडण नाही झालं. त्यानेच खोकी व्हॅनमध्ये चढवली,
'काच' लिहिलेलं सगळ्यात शेवटी, हळू.

मग तो उपग्रह. नऊ वर्षं.
त्यातली चार माझी, नखाएवढ्या एका संवेदकाची.
इतका गार ठेवायचा त्याला,
की एक कण आदळला तरी अंगात कणकण यावी,
आणि ती कणकण आम्ही मोजावी.
उड्डाणानंतर एकशे चौदा सेकंद.
दुसरा टप्पा पेटलाच नाही.
समुद्रात पडलं ते सगळं सरळ पडलं.

त्या रात्री कँटीनवाल्याने कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत.
सोमवारी आम्ही नव्या प्रस्तावाचं पहिलं पान लिहिलं.

हो, तोच, आता मंजूर झालेला.
सुटेल तेव्हा मी एकोणऐंशीची असेन, तू एकतिशीची.
आरशांचे कोन माझे आहेत. बघणारं कुणी तरी दुसरं.

नीन्के खोडरबर शोधते. रस्ता छापलेला आहे, खोडला जात नाही.
"पगार किती असतो?" तिला मागच्या बाजूला लिहायचंय.

पुरतो, असं लिही.
आणि त्या बिननावाच्या चौकटीत
ते तीन कण लिही, आकाशातले नसलेले.
त्यांच्याही वेळा मला अजून पाठ आहेत.