कौन्सिलच्या कॅलेंडरमागचं ओसाका

अकरा नंबरची फुमिए कितहारा
डर्बीत आली ती नवऱ्याच्या मोटार-कारखान्यामागोमाग.
नवरा गेला. कारखाना आहे. तीही आहे.
"एप्रिलात ओसाकाला चाललेय," मी म्हटलं,
तर चहा अर्धा टाकून उठली,
फ्रिजवरचं कौन्सिलचं कॅलेंडर काढून पालथं घातलं
आणि पेन्सिलीला जीभ लावून आधी नदी काढली.

आणि किल्ला?
"बघ की. पण आत लिफ्ट आहे,"
हे असं हळू, जणू घरातली भानगड सांगतेय.

त्यापेक्षा ताइशोला जा. तिथली नाव पलीकडे फुकट नेते,
सायकलीसकट. उगाच जा, उगाच ये.
दुसऱ्या खेपेला नावाडी मान हलवेल.
सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा.
"तोक्योवाले डावीकडे," म्हणत तिनं नाक मुरडलं,
आम्ही सांगलीकर कोल्हापूरचं नाव निघालं की मुरडतो, तसं.
त्सुरुहाशीला गाडीतून उतरताच मांस भाजल्याचा वास.
मी शाकाहारी, म्हटलं.
"वास शाकाहारी असतो."

बाजारात कुणी विचारेल, मोकारिमाक्का?
धंदा काय म्हणतोय?
खरं सांगायचं नाही. बोचि बोचि, म्हणायचं.
हे मला शिकवावं लागलं नाही.
चाळीस वर्षं अण्णा भांड्यांच्या दुकानातून
हेच तर म्हणत आले: चाललंय आपलं.

मग एका कोपऱ्यावर काकीचं झाड.
(काकी हे फळ. मी हसले;
ती नुसती पानं काढत राहिली.)
झाडाला लागून सार्वजनिक न्हाणीघर,
त्याच्या धुराड्यापाशी पेन्सिल जरा जास्तच वेळ.

रात्री फोनवर शोधलं.
झाडाच्या जागी गाड्या लावतात.
न्हाणीघराचं औषधांचं दुकान झालंय.
मी बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कुंपणावरून हाक:
"मनोऱ्याचा माथा रात्री कुठल्या रंगाचा ते कळव.
पांढरा म्हणजे उद्या ऊन, केशरी म्हणजे ढग,
निळा म्हणजे पाऊस."
कशाला?
"कपडे वाळत घालायचे की नाही, कळायला नको?"
तिच्या दोरीवर, डर्बीच्या भुरभुरीत,
तीन टॉवेल निथळत होते.

घरी येऊन कागदाची घडी घातली,
छापील बाजू वर आली.
या मंगळवारी तपकिरी डबा, पुढच्या मंगळवारी निळा,
मग काळा...
वाचावं लागलं नाही.