चौसष्ट घरं

बिराजदार मॅडम म्हणाल्या, आधी घरं मोज.
चौसष्ट घरं, एका रांगेत, एकेकात एकच अक्षर.
रांगेपलीकडे कुणाचं काय ठेवलंय
याची या जुन्या प्रोग्रामला फिकीर नाही.

मे महिना. साखर पेठ. माळ्यावरची खोली.
पत्र्याखाली लॅपटॉप माझ्याहून जास्त धापा टाकतो.
मी ए दाबत जाते, ए ए ए ए,
बालवाडीत पाटी भरायचे तशी.
चौसष्ट दिले, घेतले.
सत्तर दिले, मुकाट्यानं तेही घेतले.
शंभर दिले आणि पडला,
एक ओळ ओकून, तोंडावर.

डीबगर उघडला.
परतीचा पत्ता असतो त्या जागी
एक्केचाळीस एक्केचाळीस एक्केचाळीस एक्केचाळीस.
वाटलं, सोलापूरचं तापमान सांगतोय.
मग कळलं, मशीनच्या मोजणीत ए म्हणजे एक्केचाळीस.
माझीच अक्षरं ही, उतू गेलेली,
शेजाऱ्याच्या घरात शिरलेली.
आणि शेजारी कोण,
तर काम संपल्यावर कुठे परतायचं ती चिठ्ठी.

नायना खाली शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत होते.
जेकार्डवर चाळीस वर्षं.
त्यांना सांगू लागले, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत,
आणि नेमका शब्द दोन्हीकडे सापडेना.
पत्ता? ते म्हणाले. पत्ता म्हणजे भोकांचा पुठ्ठा.

एकदा मोराची चादर होती.
पिसारा संपला की काठाचे पत्ते यायचे.
यल्लप्पानं ओवताना भलत्याच ऑर्डरचा गठ्ठा जोडला.
माग थांबला नाही. कशाला थांबेल?
भोक दिसलं, दोरा उचलला. त्याला एवढंच येतं.
मोराच्या मागून रेल्वेचं इंजिन निघालं,
डबे सुद्धा.

ती चादर अजून आमच्या इस्त्रीच्या टेबलावर आहे.
तिच्यावर रोज माझे कॉलेजचे कपडे कडक झाले
आणि मी कधी विचारलं नव्हतं
की हे इंजिन इथे कसं.

रात्री पुन्हा मोजलं.
चौसष्ट, मग कशाचीतरी बारा घरं,
शहात्तर ए, आणि चार बी.
बेचाळीस बेचाळीस बेचाळीस बेचाळीस.
एक डिग्री वाढली, माझ्या सांगण्यावरून.
मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

मॅडमनी त्यात एक फंक्शन लपवलं होतं
ज्याला अख्ख्या प्रोग्राममधून कुणी हाक मारत नाही.
त्याचा पत्ता शोधला, उलटा लिहिला,
शेवटचा तुकडा आधी,
चादर पालटली की रंग पालटतात तसा.
एंटर.
पडद्यावर आलं, आलीस? बस.

श्रीहरीला सांगितलं ती चूक झाली.
भिशीवाल्या गुंडेलीचं खातं उघड म्हणाला,
माझे अठरा हजार अडकलेत, तुला काय, दोन मिनिटं.
अठरा हजार खरे होते. त्याची बायको खरंच माहेरी गेली होती.
मी म्हटलं, मी फक्त स्वतःच्या दाराची कडी तोडते,
किंवा ज्यानं कागदावर सही करून दिलीय त्याच्या.
तो म्हणाला, मग शिकून उपयोग काय?
चहा अर्धा ठेवून गेला.

दुरुस्ती एका ओळीची होती.
घेण्याआधी मोज, एवढंच.
पुन्हा शंभर ए दिले. त्रेसष्ट आत आले,
बाकीचे दाराबाहेर उभे.
चौसष्टावं घर शून्यासाठी,
इथे संपलं म्हणणाऱ्या शून्यासाठी.
नायनांना दाखवलं. ते म्हणाले, हां,
आम्ही पण शेवटी चार बोटं सोडतो, गाठींना.

मग चष्मा पुसत विचारलं,
पण बिघाड कुणाचा धरतात तुमच्यात? मशीनचा?
नाही, मी म्हटलं. ज्यानं मोजलं नाही त्याचा.
हं, ते म्हणाले,
आणि पैसे कुणाचे कापतात?